हिवाळ्यातल्या रंगांची वही

हे मला बघायला आले तेव्हा यांनी एकच प्रश्न विचारला. स्वयंपाक येतो का, शिक्षण किती, हे सगळं यांच्या मामांनी आधीच विचारून घेतलं होतं. पोह्यांच्या बशा आत गेल्यावर यांनी शेजारची उशी उचलली, अभ्र्याची बाजू माझ्याकडे केली आणि म्हणाले, "ह्यावरची फुलं कोणत्या रंगाची आहेत?"

माझी थट्टा चालली आहे असं मला वाटलं. पण वडील शिक्षक, त्यामुळे प्रश्नाला पूर्ण उत्तर द्यायची सवय होती. मी म्हटलं, "पाकळ्या डाळिंबी आहेत, पण धुऊन धुऊन कडेला विटल्यात. पानं हिरवी. हे एक पान दोरा संपला म्हणून दुसऱ्या हिरव्यानं भरलंय, ते पोपटीकडे जातं."

यांनी उशी जागेवर ठेवली. "चालेल," म्हणाले.

"काय चालेल? अभ्रा?" मामांनी विचारलं, आणि सगळे हसले.

लग्नानंतर आठवड्याभरानं मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला. यांना लाल आणि हिरवं वेगळं दिसत नसे. जन्मापासूनच. निळं आणि पिवळं माझ्याआधी दिसे. पाटाच्या कडेला निळा खंड्या बसलेला असला तर हे चालता चालता हात वर करून थांबत, आणि मला तो उडाल्यावर कळे. पण पिकलेली मिरची आणि हिरवी मिरची यांना सारखीच. आणि यांचा धंदा फोटो रंगवण्याचा.

हे जाऊन आता दीड वर्ष झालं. आठवतं तसं रोज थोडं लिहिते आहे. कधी एका सकाळी तीन ओळी होतात.

श्रीरामपुरात बाजाराच्या रस्त्याला यांचा स्टुडिओ होता. पुढे दुकान, मधे अंधारखोली, मागे आमच्या दोन खोल्या. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला रंगीत फिल्म आमच्याकडे कुणी वापरत नव्हतं. फोटो काळापांढराच काढायचा, आणि कुणाला रंगीत हवा असेल तर छापलेल्या कागदावर हातानं रंग चढवायचा. त्यासाठी रंगांच्या पानांची एक छोटी पुस्तिका मिळे. पानाचा तुकडा पाण्यात टाकला की रंग सुटे. काडीला कापूस गुंडाळून तो हलक्या हातानं फोटोवर फिरवायचा. पानामागे रंगाचं नाव छापलेलं असे, ते वाचून हे काम करत. लग्नाआधी यांची बहीण शेजारी बसायची. ती सासरी गेली, आणि नेमकं एका पानावरचं नाव ओल्या बोटानं पुसलं गेलं, तेव्हा यांनी एका नवरीचं कुंकू हिरवं केलं. तिच्या सासूनं तो फोटो काउंटरवर ठेवून विचारलं होतं, "आमची सून म्हंजी काय आंब्याचा डहाळा हाय व्हय?" हे म्हणाले, वीज गेली होती. त्यानंतरच मामांनी मुली बघायला सुरुवात केली.

थंडी पडली की दुकान बंद असण्याच्या दिवशी आम्ही दोघं पहाटेच्या पॅसेंजरनं निघायचो. बहुतेक वेळा पुणतांब्याला उतरायचो, गोदावरीच्या कडेनं चालायचो. हे कॅमेरा आणि त्याचं तिकाटणं घेत, माझ्याकडे थर्मास आणि वही. लोकांना आमचं हसू यायचं. एकदा बांधावर दातण करत उभा असलेला एक जण म्हणाला, "पाव्हनं, फोटू काढून हरभरा लवकर येतो का?" हे म्हणाले, "नाही. पण आलेला जात नाही." तो माणूस दातण तोंडात धरून बराच वेळ विचार करत होता.

त्या फोटोंना गिऱ्हाईक नव्हतं. कोण विकत घेणार होतं धुक्यातला बांध? पण यांना हिवाळाच आवडे. हे म्हणायचे, पावसाळ्यानंतर सगळंच रंगीत असतं, तिथे शोधायला काय उरतं? हिवाळ्यात रान करडं होतं, मग त्यात रंगाचा एक ठिपका असला तरी सगळं चित्र त्याच्याकडे बघायला लागतं. तो ठिपका शोधायचं काम माझं. हे जागा ठरवत, उजेड ठरवत, मग मागे न बघता म्हणत, "सांग." मी सांगायची आणि वहीत लिहायची, कारण फोटो धुऊन रंगवायला बसेपर्यंत दोन-तीन आठवडे जात. ती वही अजून माझ्याकडे आहे. 'वाळलेलं गवत, उंदरी रंगाचं. त्यात घाणेरीचा एकच झुबका, नारिंगी.' 'करडई पिवळी, पण सातला नाही, साडेआठनंतर. ऊन लागल्याशिवाय ती रंग दाखवत नाही.' 'पांगारा. सगळं झाड उघडं, टोकांना लाल.' त्या पांगाऱ्याखाली हे दहा मिनिटं उभे होते. मी म्हटलं, "अहो, झाड पेटल्यासारखं दिसतंय." हे म्हणाले, "कुठलं?"

मला त्या वेळी वाईट वाटलं होतं. यांना नाही. यांनी मान वर करून मला विचारलं, "कसं पेटल्यासारखं? निखारा की ज्योत?" मी नीट बघितलं. निखारा. मी एकटी असते तर मीही फक्त 'लाल' म्हणून पुढे गेले असते.

आता मूळ गोष्ट.

संक्रांत होऊन गेलेली होती. नदीवरून धुकं आलं होतं आणि यांनी हरभऱ्याच्या शेताकडे कॅमेरा लावून ठेवला होता. धुकं उठायची वाट बघत हे तासभर तसेच उभे. मला थंडी वाजत होती. वाचनालयाचं एक पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करायचं होतं आणि शेवटची चाळीस पानं राहिली होती. मी बांधाआड शाल गुंडाळून बसले आणि पुस्तक वहीत घालून वाचायला लागले. यांनी "सांग" म्हटलं असणार. मी "हं, लिहिते" म्हटलं असणार. कॅमेऱ्याचा आवाज आला तेव्हाही मी मान वर केली नाही.

परतीच्या गाडीत हे खुशीत होते. "ती बाई नेमकी मधे आली बघ. पाटी डोक्यावर, एक हात सोडलेला. पाठवल्यासारखी आली. तिचं लुगडं लिहिलंस ना?"

मी बाई पाहिलीच नव्हती. "हो," म्हटलं.

घरी येऊन पोळ्या करायच्या आधी मी वहीत लिहिलं: 'हरभरा, दव. बाईचं लुगडं हिरवं.' हिरवं का? शेत म्हणून. दुसरं काही कारण नाही.

तो फोटो चांगला निघाला. आजही मी तो यांचा सगळ्यात चांगला फोटो मानते. खाली हरभऱ्याची रांग, मधे बांध, वर काहीच नाही, नुसतं विरत गेलेलं धुकं, आणि त्या बांधावरून पाठमोरी, जरा वळलेली एक बाई. हे म्हणाले, हा रंगवायचा नाही, हा असाच बरा. यांनी तो मोठा करून दुकानाच्या काचेच्या कपाटात लावला. मी मनातून सुटले.

पुढच्या थंडीच्या सुरुवातीला, बाजाराच्या दिवशी, एक माणूस त्या कपाटासमोर उभा राहिला. तिशीचा असेल. खांद्यावर रिकामं पोतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. यांना वाटलं, फोटो काढायला लाजतोय. हे बाहेर गेले आणि त्याला आत घेऊन आले.

"ती आमची हाय," तो म्हणाला.

"कोण?"

"बांदावरली. ती डावा हात आसाच सोडून चालायची. तिचा मालक म्हनून सांगतो."

बाई आषाढात गेली होती. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी काही नाही. घरात तिचा फोटो नव्हता, लग्नातही काढला नव्हता. तो कपाटातला फोटो मागायला लागला तेव्हा यांनी तो लगेच काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो बघितला आणि परत केला.

"रंगात द्या," तो म्हणाला. "आसा राखंवानी नको. राख बघितली म्या."

यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहीत आहे सगळं. करून देतो."

मी आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं. चहा कुणी मागितला नव्हता.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. पण तो माणूस समोर होता, हे समोर होते, आणि खोटं एका ओळीचं होतं. शिवाय मला वाटलं, असेलही हिरवं. चहा देताना मी त्यालाच विचारून घेतलं, "त्यांचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं, तुम्हाला आठवत असेल ना?"

"वैनी, म्या काय लुगडं बघत हुतो व्हय?" तो म्हणाला. मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "बघायला पायजे हुतं." त्याला एवढंच माहीत होतं की तिची लुगडी दोन होती, आणि ती गेल्यावर आईनं दोन्ही गोधडीत घातली.

"गोधडी घेऊन या," हे म्हणाले. "वहीत लिहिलेलं आहे, पण हिरव्यातही शंभर प्रकार असतात. नेमका दिसला तर बरं."

आठ दिवसांनी तो गोधडी ठेवून गेला. यांनी काय केलं ते सांगते, कारण असं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. यांनी ती गोधडी मागच्या अंगणात दोरीवर टाकली, सकाळी त्याच वेळेला, त्याच तिरप्या उन्हात, आणि तिचा फोटो काढला. दुपारी धुतला. मग भिंगाखाली गोधडीची एकेक पट्टी आणि बाईचं लुगडं, करड्याशी करडा ताडून बघत बसले. दीड तास मान वर केली नाही. उरलेल्या पट्ट्या एकेक करून गळल्या; कुठली फार काळी, कुठली फार फिकी. शेवटी दोन राहिल्या, शेजारी शेजारी शिवलेल्या. बाईच्या लुगड्याशी दोन्ही तंतोतंत जुळत होत्या.

"ह्या कोणत्या रंगाच्या आहेत?" यांनी विचारलं.

मी अंगणात जाऊन बघून आले. एक हिरवी, विटलेली, कडेला विरलेली. दुसरी लाल, जवळजवळ नवी.

यांना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. "बघ! फिल्मलासुद्धा माझ्यासारखंच दिसतं! म्हणजे आता तुझ्या वहीशिवाय इलाज नाही. काढ."

वही माझ्या हातातच होती. मी उघडली नाही. म्हटलं, "अहो, मी त्या दिवशी बघितलं नव्हतं. वाचत होते. हिरवं मी घरी येऊन मनानं लिहिलं."

यांनी भिंग खाली ठेवलं. हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता. परत आले ते पंच्याला हात पुसत.

"पुस्तक कुठलं होतं?"

मी सांगितलं.

"चांगलं होतं?"

"शेवट आठवत नाही," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

मी वहीतली बाकीची पानं दाखवून म्हणायला लागले की ही खरी आहेत, हे खरं आहे, तर म्हणाले, "मला माहीत आहे. 'निखारा' मनानं लिहिता येत नाही." मग म्हणाले, "त्याला सांगावं लागेल."

पुढच्या बाजारी तो आला, आणि त्याच्याबरोबर त्याची आई. काठी, कपाळावर मोठं गोंदण, बारीक डोळे. मी दोघांना आत बसवलं आणि उभ्यानंच सांगून टाकलं: त्या दिवशी मी लक्ष दिलं नाही, वहीत खोटं लिहिलं, आता लाल की हिरवं ते सांगता येत नाही.

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हातारी यांच्याकडे वळली. "आन तुमी? फोटू तुमी काढला, समूर तुमी हुता. तुमाला डोळं न्हाईत?"

यांनी तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं की आठवत नाही. बाजाराचा दिवस, दुकानात आणखी दोन माणसं उभी. हे म्हणाले, "आजी, मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. कधीच दिसलं नाही."

"आन धंदा रंगवायचा!"

"ही सांगते, मी लावतो."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग बराय. आमच्यात बी तसंच. सांगनारी येक, आन मान हलवनारा येक."

दुकानातले ते दोघं हसले. हेही हसले, पण यांचे कान तापलेले मला दिसत होते. दहा वर्षं सांभाळलेली गोष्ट होती ती.

तो माणूस हसला नाही. त्यानं गोधडी मांडीवर ओढून घेतली होती आणि लाल पट्टीवर हात ठेवला होता. "हे म्या घेतलं," तो म्हणाला. "कोपरगावच्या बाजारात. हिरवं तिच्या भावानं दिलं हुतं. ह्यातलंच येक आसंल तर..."

"तांबडं?" म्हातारी म्हणाली. "शेतात? आरं, तांबडं ती पेटीतनं काढीत नव्हती. तू घेतलेलं ना ते. सनाला नेसायची, आन चूल पेटवायच्या आदी सोडून ठिवायची. धूर लागंल म्हनून. बघ की, इटलंय का कुटं?"

विटलं नव्हतं. ते मी अंगणात बघितलं होतं आणि त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता.

म्हणजे हिरवंच. माझं मनानं लिहिलेलं बरोबर निघालं. त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही. मी त्या माणसाकडे बघत होते. त्याचा हात अजून लाल पट्टीवरच होता. त्याला हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

"मला वाटायचं तिला आवडलं न्हाई," तो म्हणाला.

दुकानातले दोघं केव्हा निघून गेले कळलं नाही.

"मग हिरवं करतो," हे हळूच म्हणाले.

"न्हाई. तांबडं करा."

"पण ते खरं होणार नाही, भाऊ."

"रंग खोटा, बाई तर खरी हाय न्हवं?" त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. "येकदा तरी नेसू द्या तिला शेतात."

यांनी माझ्याकडे पाहिलं. खोट्या नोंदीवरून हात धुवायला गेलेला माणूस. मला वाटलं, नाही म्हणतील. हे म्हणाले, "बाकी काही रंगवायचं नाही ना? शेत, धुकं, सगळं असंच राहू दे. तेवढंच." त्यानं मान हलवली.

त्या दुपारी दुकान बंद करून आम्ही बसलो. यांनी लाल पानाचा नखाएवढा तुकडा बशीत टाकला. पाणी रंगलं. ते यांना कसं दिसत होतं, मला माहीत नाही. यांनी अगदी बारीक काडी घेतली, कापसाचा तंतू गुंडाळला आणि म्हणाले, "सांग." मी शेजारी बसले. वाचायला काही घेतलं नव्हतं. पहिला हात फिकट गुलाबी आला. मी म्हटलं, अजून. दुसरा हात. अजून. पदराच्या कडेला जरा कमी, तिथे ऊन पडलंय. चौथ्या हातानंतर त्या सगळ्या करड्या रानात, धुक्यात, ती बाई एकदम चालायला लागली.

"बास," मी म्हटलं.

"कसं दिसतंय?"

मी बघून, शोधून मग सांगितलं, "पहाटे चुलीत राख असते ना? ती फुंकल्यावर आत जे दिसतं, तसं."

यांनी तशाच दोन प्रती केल्या. एक तो माणूस घेऊन गेला. गोधडीत गुंडाळून, उराशी धरून. पैसे यांनी घेतले नाहीत आणि त्यानं दोनदा विचारलं नाही. पुढच्या बाजारी म्हातारीनं शेंगा पाठवल्या.

गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. कुणीतरी यांच्यासमोर दोन मिरच्या धरल्या, "फोटूवाले, ह्यातली पिकल्याली कंची?" हे म्हणाले, "तुम्ही खा आणि सांगा." थोडे दिवस रंगाची कामं कमी आली. मग लोक विसरले, किंवा माझ्याकडे बघून फोटो टाकायला लागले; "वैनी हायेत ना आत?" एवढं विचारायचे. त्यानंतरच्या वर्षी पाऊस झाला नाही. हरभरा नव्हता, करडई नव्हती, नदी खडकांपर्यंत आटली होती. तरीही आम्ही गेलो. त्या वर्षीच्या वहीत फार थोड्या ओळी आहेत, पण एकही घरी येऊन लिहिलेली नाही. तेव्हापासून हे माझ्या उत्तराशिवाय कधीच फोटो काढायचे नाहीत. "सांग" म्हणायचे, आणि मी बघेपर्यंत थांबायचे. एखादे वेळी उजेड निघून जायचा. तरी थांबायचे.

दुसरी प्रत आमच्या मागच्या खोलीत होती. थंडी पडली की हे एखाद्या सकाळी तिच्यासमोर चहा घेऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "आहे का अजून?" मी सांगायची, "आहे." पानांचे ते रंग टिकाऊ नसतात. पुढे पुढे मी "जरा फिकं झालंय" म्हणायला लागले. शेवटच्या थंडीत यांनी विचारलं तेव्हा मी उठून जवळ गेले, खिडकी उघडली, चष्मा पुसला. लाल राहिलं नव्हतं. बाई, बांध, धुकं, सगळं एकाच करड्यात मिळालं होतं. मी ते तसंच सांगितलं.

"म्हणजे आता तुला माझ्यासारखं दिसतंय," हे म्हणाले, आणि यांना ते फार आवडलं.

यांच्या खणात ती रंगांची पुस्तिका सापडली. लाल पान जवळजवळ संपलेलं आहे, कोपऱ्यात नखाएवढा तुकडा आहे. चार हातांना पुरेल. गेल्या आठवड्यात मी बशीत पाणी घेतलं होतं. मग तसंच ठेवून दिलं. फोटो यांना दिसायचा तसाच आहे, आणि मी रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर थोडा वेळ उभी राहते. घाई करत नाही. आज बांधाच्या कडेला, बाईच्या पावलांपाशी, दवाचे अगदी बारीक पांढरे ठिपके आहेत हे मला पहिल्यांदा दिसलं. वहीत लिहून ठेवलं आहे.